बुलडॉगच्या पिल्लाला ग्रीक नाव सुचवा, "नकट्या" कायमचं चिकटायच्या आत

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला. गेल्या रविवारी माझा धाकटा दीर पुण्याहून येताना न सांगता न विचारता इंग्लिश बुलडॉगचं पिल्लू घेऊन आला. अडीच महिन्यांचं, पांढरं, डाव्या डोळ्यावर एक तपकिरी डाग, आणि चेहरा असा की कुणीतरी उसने पैसे नेऊन बुडवलेत याचे. आता आलंय तर आलंय, परत कुठं पाठवणार. प्रश्न नावाचा आहे.

मुलगा सातवीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीपासून त्याला ग्रीक देवांचं खूळ लागलंय, जेवताना पण कोण कुणाचा बाप आणि कुणी कुणाला गिळलं हेच चालू असतं. त्याची अट, नाव ग्रीकच पाहिजे. माझी अट, गच्चीवरून हाक मारली तर लाज वाटू नये आणि शेजारचं कुणी ओ देऊन येऊ नये. नवऱ्याची काही अट नाही, त्याला फक्त सोफा परत पाहिजे.

घाई एवढ्यासाठी की सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्याकडे बघून "अगंबाई, नाक कुठाय ह्याचं?" विचारलं आणि तेव्हापासून त्या त्याला नकट्या म्हणतात. आज सकाळी दूधवाल्यानं "नकट्या उठला का" विचारलं तेव्हा माझा धीर सुटला. आठवड्याभरात काही ठरलं नाही तर हेच नाव राहणार आणि मुलगा माझ्याशी बोलणार नाही.

आत्तापर्यंतची यादी झ्यूस, हेडीस, अपोलो, आरेस. त्यातलं आरेस बाद, कारण मी दारात उभी राहून "आरेस" म्हणून हाक मारली तर नवरा आतून "काय गं" म्हणत आला. त्याला फक्त "अरे" ऐकू आलं.

पंक्चर_मिरज:
ताई ग्रीक नावं आता देवांची कुठं राहिलीत, सगळी दुकानांची झालीत. अपोलो म्हटलं की टायर, टायटन म्हटलं की घड्याळ, नायकी म्हणजे बूट, अ‍ॅटलास आणि हर्क्युलस म्हणजे सायकल. आमच्या वडिलांची हर्क्युलस अजून माळ्यावर आहे, ती विकायची नाही असं त्यांनी सांगून ठेवलंय. तुम्ही गच्चीवरून अपोलो अपोलो ओरडलात तर माझ्यासारखा एखादा जॅक घेऊन येईल वर.

कंदीपेढा:
आमचा अनुभव सांगतो, साताऱ्यात गोडोलीला राहतो. लॅब्राडॉर आणला तेव्हा मोठ्या हौसेनं झ्यूस ठेवलं, म्हटलं देवांचा राजा, विजेचा कडकडाट वगैरे. कामाला येणाऱ्या मावशी पहिल्या दिवसापासून त्याला ज्यूस म्हणायला लागल्या. मग मुलं. मग आमची आई. मी संध्याकाळी त्याला मोकळा सोडून मागं "ज्यूsss" करत पळायचो आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं एकदा खरंच दोन ग्लास भरून ठेवले, पैसे पण द्यावे लागले. आता तो सहा वर्षांचा आहे आणि त्याला ज्यूश्या म्हटल्याशिवाय मान पण वळवत नाही.

म्हणून माझा सल्ला ऐका, नाव ठरवायच्या आधी त्याला शेवटी "या" लावून बघा. आपल्याकडं आठ दिवसात लागतोच तो. अपोलोचा अपोल्या, हेडीसचा हेड्या. हेड्या तर नकोच, आपल्याकडं हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल, गावाकडचे पाहुणे हसतील. जे नाव "या" लावल्यावरही बरं वाटेल ते ठेवा. आणि ग्रीकचा हट्ट सोडणार असाल तर वाघ्या ठेवा की सरळ, पालीच्या खंडोबाचा आशीर्वाद पण मिळेल. त्याला "या" आधीच लावलेला आहे, पुढं बिघडायची सोय नाही.

जुनीपोथी:
मी इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. लांबण लागली तर माफ करा, विषय आवडीचा निघाला.

कुत्र्याला काय नाव ठेवावं यावर ग्रीकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. झेनोफन नावाचा लेखक, सॉक्रेटिसचा शिष्य, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. शिकारी कुत्र्यांवर त्याचं एक छोटं पुस्तक आहे, त्यात तो म्हणतो की नावं आखूड ठेवा म्हणजे हाक मारायला सोपी जातात, आणि पुढं ४७ नावं देतो, सगळी छोटी छोटी. फिलॅक्स म्हणजे राखणदार. ब्रेमॉन म्हणजे गुरगुरणारा. थ्यूमॉस म्हणजे अंगातली रग, आणि हा शब्द आपल्या "धूम" म्हणजे धूर या शब्दाचा भाऊबंद आहे. काही नावं मात्र आपल्याकडं आली की घोटाळा. खारा म्हणजे आनंद, पण सांगलीत खारा म्हटलं की शेंगदाणे आणि भडंग आठवणार. बिया म्हणजे जोर, ताकद. आपल्याकडं बिया कलिंगडात.

तुमच्या मुलाला एक सांगा, आर्गॉस, झेयुस, पेत्रॉस यांच्या शेवटचा "स" हाक मारताना ग्रीक लोक स्वतःच टाकून देतात. त्यांच्याकडंही आपल्यासारखं संबोधन आहे. आपण राम म्हणतो आणि हाक मारताना रामा म्हणतो, तसं आर्गॉसला हाक मारायची तर "आर्गे". तेव्हा कंदीपेढा मागं पळत "ज्यू" करायचे ते व्याकरणाला धरूनच आहे, "या" फक्त मराठी आहे. आणि सायकलीवर आहे ते हर्क्युलस हे रोमन रूप, ग्रीक नाव हेराक्लीस.

कुत्र्याचंच नाव हवं असेल तर आर्गॉससारखं दुसरं नाही. होमरच्या महाकाव्यातला राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला निघाला तेव्हा हे पिल्लू होतं, त्यानं हातानं वाढवलेलं. तो परत आला वीस वर्षांनी, भिकाऱ्याच्या वेषात, बायकोनं सुद्धा ओळखलं नाही. आर्गॉस दारापुढच्या शेणाच्या ढिगाऱ्यावर पडलेला, अंगभर गोचीड (होमरनं गोचिडांचा उल्लेख मुद्दाम केलाय, राजवाड्यात त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं ते कळावं म्हणून). आवाज ऐकून त्यानं शेपूट हलवली, कान पाडले, पण उठून जवळ यायची ताकद नव्हती. ओडिसियसला ओळख दाखवता येईना, त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले आणि आत गेला. इकडं आर्गॉसनं प्राण सोडला. मी हा भाग वर्गात कधी नीट पूर्ण करू शकलो नाही. एवढंच की आर्गॉसचा अर्थ चपळ किंवा लखलखीत पांढरा. पांढरा तुमचा आहे, चपळाईचं तुम्ही बघा.

दुसरं नाव पेरिटास, अलेक्झांडरचा कुत्रा. तो गेला तेव्हा अलेक्झांडरनं त्याच्या नावानं गाव वसवलं असं प्लूटार्क हा ग्रीक चरित्रकार लिहितो. मात्र इथं त्याचा पेरू होणार.

सर्बेरस ठेवू नका. पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा आहे तो, आणि बुलडॉगचं एका तोंडाचं घोरणंच पुरेसं असतं.

कृष्णाकाठची:
सर, लांबण कसली, मी ऑफिसात बसून वाचलं आणि आर्गॉसपाशी मला पण आवंढा आला. घरी जाऊन मुलाला वाचून दाखवलं तर तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला "हे नको, तो मरतो ना शेवटी". पिल्लाला कुशीत घेऊनच झोपला रात्री. त्यामुळे आर्गॉस बाद.

फिलॅक्स मला आवडलं होतं पण काल रात्री मांजर येऊन त्याच्या ताटलीतलं खाऊन गेली आणि हा बघत बसला. राखणदार म्हणायला जीभ रेटत नाही.

रंकाळ्याकाठी:
कोल्हापूरकर बोलतोय, नाव पोसायडन ठेवा. आणि हे उगाच नाही. आमच्या पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं त्यात पोसायडनची छोटीशी काशाची मूर्ती सापडली, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या समुद्री व्यापारातून आलेली. म्हणजे बाकीचे ग्रीक देव परके असतील पण हा आपल्या भागात राहून गेलेला आहे, सांगलीहून तासाभराच्या वाटेवर. मुलाला घेऊन या एकदा, मूर्ती बघून तांबडा पांढरा खाऊन जावा.

पट्टेवाला:
रंकाळ्याकाठी भाऊ, बुलडॉगला समुद्राच्या देवाचं नाव? या जातीला पोहताच येत नाही. डोकं जड, छाती जड, पाय आखूड, पाण्यात टाकला की पुढून खाली जातो. ताई, घाटावर नेलात तर पट्टा सोडू नका, पायरीवरून घसरला तर संपलं.

माझ्याकडं कुपवाडला बुलडॉग आहे, चौथं वर्ष चालू आहे, म्हणून थोडं कडू बोलतो. तुमच्या दिरानं आणायच्या आधी विचारायला पाहिजे होतं. हा थंड देशातला कुत्रा. मूळचा बैलांशी झुंजवायला वाढवलेला, इंग्लंडात १८३५ ला कायद्यानं त्या झुंजी बंद झाल्या आणि मग हौसेखातर लोकांनी नाक आणखी आखूड, तोंड आणखी मोठं करत नेलं. कुत्र्याला घाम येऊन थंड होता येत नाही, धापा टाकूनच थंड व्हावं लागतं, आणि यांची श्वासाची वाटच अरुंद. सांगलीचा एप्रिल मे म्हणजे यांच्यासाठी भट्टी. फिरवायचं सकाळी सातच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर, डांबरी रस्त्याला आधी आपला तळहात लावून बघायचा. दुपारी कूलरपुढं. घरघर वाढली, लाळ चिकट झाली, हिरड्या काळ्यानिळ्या दिसायला लागल्या तर साधं पाणी अंगावर ओतत ओतत डॉक्टरकडं पळायचं, बर्फ नाही. गळ्यात पट्टा नको, छातीभोवती बसतो तो हार्नेस घ्या. तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या करायच्या, शेपटीखाली पण खोबण असते तिथं सुद्धा, नाहीतर असा वास सुटतो की नाव काय ठेवलंय ते पण आठवणार नाही.

माझ्या पहिल्या वर्षी एका डॉक्टरनं "घोरणं नॉर्मल आहे, जात तशी आहे" म्हणून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा दुसरीकडं नेलं तर नाकपुड्याच जवळजवळ बंद होत्या, ऑपरेशन करून उघडायला लागल्या. घोरणं नेहमीचं असलं तरी दाखवून घ्या एकदा.

नावाचं म्हणाल तर आमच्याचं नाव बाळू आहे. ग्रीक नाही.

कृष्णाकाठची:
दादा, कडू नाही, बरं झालं सांगितलंत. दिराला वाचून दाखवलं, तो गप्प झाला आणि कूलरचे पैसे देतो म्हणाला. नाकपुड्या या शनिवारी दाखवते.

आणि पोसायडन आमच्याकडं चालणार नाही हो. माहेर गावभागात, २०१९ ला ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती तेव्हा वडिलांना नावेतून काढलं. आईचे सगळे अल्बम गेले, अजून कपाटाच्या फळीवर त्या चिखलाची रेघ आहे. ती म्हणाली पाण्याच्या देवाचं नाव घरात ओरडायचं नाही, बोलावल्यासारखं होतं. हसण्यावारी नेलं मी, पण नाव काढून टाकलं.

जुनीपोथी:
काल तुम्ही "नाक कुठाय ह्याचं" लिहिलेलं परत वाचलं आणि कपाळावर हात मारला. एवढा वेळ डोळ्यासमोर होतं.

सॉक्रेटिसचे पुतळे पाहिलेत का कधी? बसकं नाक, बाहेर आलेले डोळे, जाड ओठ. तुमचं पिल्लूच. झेनोफन, तोच कुत्र्यांच्या नावांवाला, त्यानं एका मेजवानीचं वर्णन लिहिलंय. तिथं सॉक्रेटिस क्रिटोब्यूलस नावाच्या देखण्या पोराशी पैज लावतो की आपल्या दोघात सुंदर मीच. मुद्दे ऐका. तुझे डोळे फक्त समोर बघतात, माझे बाहेर आलेत म्हणून बाजूचंही दिसतं. तुझ्या नाकपुड्या जमिनीकडं, माझ्या वर उघडलेल्या, म्हणून चारी बाजूंचा वास मला येतो. आणि बसकं नाक तर उत्तमच, दोन डोळ्यांच्या मधे भिंत घालत नाही. मतं पडली तेव्हा सगळी त्या पोराला पडली, तो भाग वेगळा. शिवाय हा माणूस शपथ घ्यायचा ती सुद्धा "कुत्र्याची शपथ" अशी, प्लेटोनं लिहिलेल्या संवादांत सापडते.

पण सॉक्रेटिस हे नाव हाकेला लांब, "या" लावला तर सॉक्र्या, बरं दिसत नाही. म्हणून पुढं ऐका. ग्रीकमध्ये अशा बसक्या नाकाला शब्दच आहे, सिमॉस. सॉक्रेटिसच्या नाकासाठी हाच शब्द वापरलेला आहे. त्याच्यावरून माणसांची नावंही पडायची, सिमॉन, सिमियास. सिमियास नावाचा तर सॉक्रेटिसचा मित्रच होता, शेवटच्या दिवशी तुरुंगात जवळ बसलेला. म्हणजे त्या लोकांना नकटेपणाचं नाव ठेवायला लाज वाटत नव्हती. दोन अक्षरांचं, झेनोफनच्या नियमात बसणारं, ग्रीक, आणि अर्थ काय? नकट्या.

ग्रीक पद्धतीनं हाक मारायची तर "सिमे" होईल. शेजारी कुणी सीमा असेल तर मात्र मराठी पद्धतीनंच मारा.

पंक्चर_मिरज:
सर मानलं तुम्हाला. पण सांगलीत सिमॉसचा समोसा व्हायला दोन दिवस लागणार नाहीत, लिहून ठेवा.

कंदीपेढा:
समोसा तर समोसा, ज्यूसपेक्षा बरा. माझी परीक्षा लावून बघितली, सिम्या. पास आहे. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोराचं नाव वाटतं.

पट्टेवाला:
ते "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" म्हणतात ना, हा नकटा तर नावालाच एवढी घेऊन बसला होता. ठेवा आता.

कृष्णाकाठची:
मंडळी, ठरलं. शनिवारी डॉक्टरकडं नेला, नाकपुड्या अरुंद आहेत पण आत्ता काही करायला नको, वजन वाढू द्यायचं नाही आणि सहा महिन्यांनी परत दाखवायचं असं सांगितलं. लसीच्या कार्डावर नाव सिमॉस. तिथल्या मुलीनं पहिल्यांदा समोसाच लिहिलं होतं, पंक्चरवाले दादा तुम्ही जिंकलात, दोन दिवस पण लागले नाहीत. मुलानं स्वतः खोडून नीट लिहून घेतलं आणि तिला सॉक्रेटिसच्या नाकाची पूर्ण गोष्ट ऐकवली, मागं चार लोक मांजरं घेऊन थांबलेले.

घरी आल्यावर तो सासूबाईंना म्हणाला, आजी आता नकट्या नाही म्हणायचं, सिमॉस म्हणायचं. त्यांनी विचारलं म्हणजे काय. हा म्हणाला ग्रीकमध्ये नकट्या. त्या कणीक मळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "मग मी पंधरा दिवस काय म्हणतेय?"

पट्टेवाला दादा, एक राहिलं. हार्नेस मागवलाय मीडियम, पोटाला बसतोय पण पुढून छातीवर आवळतो. मोठा घेऊ का सैल करून चालेल?

पट्टेवाला:
मोठा घ्या. बुलडॉगचं पोट मोजून चालत नाही, पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप फिरवा, तिथंच सगळ्यात रुंद असतो. दोन बोटं आत जातील एवढं सैल. आणि पिल्लू आहे, तीन महिन्यात परत बदलायला लागणार, महागाचा घेऊ नका.